घरातली ज्येष्ठ मंडळी आणि दवाखान्याचा खर्च : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील, सासू-सासरे साठीपुढे गेले की घरखर्चात दवाखान्याचा रकाना हळूहळू मोठा होत जातो. तो का वाढतो, कुठे आवरता येतो आणि कोणती योजना नेमकी कुठवर पुरते, हे विचारणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. हिशेबाच्या उदाहरणांतले आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून घेतलेत. तिथे आपल्या घरची बिलं घाला.

वय वाढलं की घराचा आरोग्यखर्च नेमका कशामुळे वाढतो?

तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, आजार कायमचे होतात. तरुणपणी ताप येतो आणि जातो. साठीनंतर रक्तदाब, मधुमेह, संधिवात, हृदयविकार आला की मुक्कामालाच येतो. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर केलेल्या पाहणीत साठीपुढच्या दर चारांपैकी सुमारे तिघांना एखादा तरी दीर्घकालीन आजार असल्याचं आढळलं. दुसरी, नेमकी याच वेळी कमाई थांबते. तिसरी, खर्च वाटून घेणारे हात कमी झालेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. पूर्वी चार भावंडं मिळून जे पेलत होती, ते आता एका मुलावर किंवा एका मुलीवर येतं.

सगळा दोष वयावर टाकणंही बरोबर नाही. १९९९ मध्ये पीटर त्स्वायफेल या स्विस अर्थशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं, की रुग्णालयाचा मोठा खर्च वयाच्या आकड्यापेक्षा आयुष्याच्या अखेरच्या काळाशी जास्त बांधलेला असतो. त्यावर पुढे बराच वाद झाला. घराच्या हिशेबापुरता अर्थ इतकाच, की पंच्याहत्तरीच्या धडधाकट माणसाचा खर्च साठीच्या अनियंत्रित मधुमेह्यापेक्षा कमी असू शकतो. महाग होतात ते दुर्लक्षित आजार.

महाराष्ट्रात ज्येष्ठांचं प्रमाण किती आहे?

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होतं. त्यानंतर ते वाढतच गेलंय. २०५० पर्यंत देशातली दर पाचवी व्यक्ती साठीपुढची असेल, असा अंदाज आहे.

घर खचतं कशाने? रुग्णालयाच्या मोठ्या बिलाने की दरमहाच्या औषधांनी?

भीती बिलाची वाटते, पण बहुतेक घरं झिजतात ती दरमहाच्या खर्चाने. रुग्णालयाच्या बिलासाठी काही ना काही सोय असते: योजना, विमा, नातेवाईक, अगदीच वेळ आली तर सोनं. मेडिकलच्या दुकानात दर महिन्याला जाणारे पैसे, तीन महिन्यांनी होणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांची फी, रिक्षा, पुढे कधीतरी आया, यांना मात्र जवळपास कोणतीच योजना हात लावत नाही. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या थेट खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरीही उरलेल्या वाट्यातला फार मोठा भाग औषधांचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा आहे, आणि ज्येष्ठांना नेमकं तेच जास्त लागतं.

म्हणून 'पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे, आता चिंता नाही' असं समजून बसू नका. ते कार्ड दाखल झाल्यावर कामी येतं.

वर्षाचा अंदाज कसा बांधायचा?

मागच्या तीन महिन्यांची मेडिकलची बिलं जमवा आणि बेरजेला तीनने भागा. 'साधारण दोन हजार लागत असतील' असा तोंडी अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो, कारण मधे आणलेलं मलम, गॅसची गोळी, शुगरच्या पट्ट्या कोणी धरत नाही.

समजा सिडकोत राहणारं एक जोडपं आहे. दोघांची औषधं महिना ३,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ३८,४००. दर तीन महिन्यांच्या तपासण्या १,५०० प्रमाणे ६,०००. डॉक्टरांच्या सहा भेटी ६०० प्रमाणे ३,६००. तेवढ्याच वेळा रिक्षा, जाऊन-येऊन ३०० प्रमाणे १,८००. चष्मा आणि दात मिळून ६,०००. बेरीज ५५,८००, म्हणजे महिन्याला ४,६५० रुपये. यात रुग्णालयाचा एक दिवसही नाही. दात, चष्मा आणि कानाचं यंत्र लोक हमखास विसरतात. हे खर्च दरवर्षी येत नाहीत, पण येतात तेव्हा एकदम येतात.

हा खर्च आवाक्याबाहेर गेला हे कधी समजायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत घराच्या एकूण खर्चाच्या १० टक्के आणि २५ टक्के अशा दोन मर्यादा वापरल्या गेल्या आहेत. वरच्या घराचा महिन्याचा एकूण खर्च ३०,००० धरला तर ४,६५० म्हणजे साडेपंधरा टक्के. एकही मोठा आजार नसताना पहिली मर्यादा ओलांडली गेली.

टक्केवारीपेक्षाही लवकर कळणारी एक खूण आहे. घरातलं कोणी गोळ्या पुरवून पुरवून घेऊ लागलं, रोजची गोळी एक दिवसाआड घेऊ लागलं, की पैसे कमी पडतायत असं समजा. आई हे कधीच बोलून दाखवणार नाही. महिन्याच्या शेवटी उरलेल्या गोळ्या मोजा. तीस दिवसांत तीस संपायला हव्यात.

औषधांचा खर्च खरोखर कमी करता येतो का?

येतो. हातात सर्वाधिक असलेला खर्च हाच आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

गोळ्यांचं पाकीट उलटं करा. ब्रँडच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, उदाहरणार्थ 'टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., अम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ.' औषध म्हणजे ही ओळ. तिचा फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि चिठ्ठीवर हेच घटकनाव लिहून मागा. जनऔषधी केंद्रात याच नावाने औषध मिळतं आणि ते ब्रँडच्या तुलनेत साधारण ५० ते ९० टक्के स्वस्त पडतं. घटकनाव न लिहिता फक्त ब्रँडची चिठ्ठी नेली की केंद्रातून रिकाम्या हाताने परतावं लागतं. लोकांची सर्वात जास्त अडचण इथेच होते.

बदल करताना तीन गोष्टी तपासा. मात्रा तीच हवी. नावापुढची अक्षरं तीच हवीत: 'एसआर', 'ईआर', 'एक्सएल' म्हणजे गोळी पोटात सावकाश विरघळते. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर यांची परस्पर अदलाबदल करायची नाही, आणि अशी गोळी ठेचून किंवा चघळून घ्यायची नाही. तिसरी गोष्ट, मीठ (सॉल्ट, म्हणजे घटकनावाला जोडलेलं दुसरं नाव) तेच हवं. मेटोप्रोलोल सक्सिनेट आणि मेटोप्रोलोल टार्ट्रेट ही नावं सारखी वाटली तरी घेण्याची पद्धत वेगळी आहे. थायरॉइडची गोळी, फिटची औषधं आणि रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन यांत कंपनी बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगूनच, कारण थोड्या फरकानेही रक्तातलं प्रमाण हलतं आणि पुन्हा तपासणी करावी लागते.

भाव गोळीमागे काढा. एका पाकिटात १० गोळ्या ९५ रुपयांना असतील आणि दुसऱ्यात १५ गोळ्या १२० रुपयांना, तर पहिली गोळी साडेनऊ रुपयांची आणि दुसरी आठची. पाकिटाच्या किमतीकडे पाहणारा पहिलं पाकीट उचलतो.

यापेक्षाही मोठी बचत नको असलेल्या गोळ्यांत दडलेली असते. हाडांचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, पोटाचे वेगळे. प्रत्येकाच्या चिठ्ठीत पित्ताची एक गोळी असते आणि आजी एकच औषध तीन नावांनी घेत असतात. वर्षातून दोनदा घरातली सगळी औषधं, मलमं, काढे आणि चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा, 'यातलं काय बंद करता येईल?' गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या गोळ्यांबद्दल आवर्जून सांगा. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या सतत घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. पन्नास रुपयांच्या पाकिटाची सवय पुढे डायलिसिसच्या दारापर्यंत नेऊ शकते.

आमचं घर शेतीवर चालतं. पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, औषधं दरमहा लागतात. काय करावं?

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांतला पैसा हिवाळा संपता संपता हातात येतो, कळवण-देवळ्याकडे उन्हाळ कांदा विकला की येतो. औषधं मात्र श्रावणातही लागतात, आणि हात आखडतो तो तेव्हाच. माल विकल्यावर खतं-औषधांची उधारी फेडताना त्याच दिवशी दोन रकमा बाजूला काढा: विम्याचा वर्षाचा हप्ता आणि वर्षाच्या औषधांचे पैसे. दुसरी रक्कम आई-वडिलांच्या नावावरच्या वेगळ्या खात्यात टाका. घरखर्चाच्या खात्यात ठेवली तर ती बागेच्या छाटणीत जाते.

वर्षाची औषधं एकदम आणू नका. मात्रा बदलते आणि उरलेला साठा वाया जातो. दोन महिन्यांचा साठा पुरे, मुदतीची तारीख बघून. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यावं लागतं. उघडलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे चालतं, पण ३० अंशांखाली. मालेगाव-येवल्याच्या एप्रिल-मेमध्ये घरातली खोली तेवढी थंड राहत नाही, त्यामुळे बाटली फ्रिजच्या दारात, किंवा वीज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवावी.

सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत का?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, ग्रामीण भागातली उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं या विभागाकडे येतात. हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगाच्या मोठ्या उपचारांसाठी संदर्भ रुग्णालय महत्त्वाचं. महापालिकेची रुग्णालयं, म्हणजे नाशिकरोडचं बिटको आणि कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन, वेगळ्या व्यवस्थेत आहेत, त्यामुळे तिथले दर तिथेच विचारा.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. कधी एखादी गोळी संपलेली असते. म्हणून घरात आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच चक्कर मारावी. तपासण्या सरकारीत आणि सल्ला नेहमीच्या डॉक्टरांचा, असं केलं तरी वर्षाकाठी बऱ्यापैकी पैसे वाचतात.

तालुक्यातून येणाऱ्यांसाठी एसटी आहेच: ७५ वर्षांपुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट. सुरगाणा-पेठहून महिन्याला तपासणीला येणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. सोबत येणाऱ्याचं तिकीट आणि त्याची बुडालेली मजुरी मात्र हिशेबात धरा.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड कसं काढायचं? त्यात काय मिळतं?

'आयुष्मान वय वंदना' कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. आधारनुसार वय ७० किंवा जास्त असलं की पुरे, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता होतात. पहिल्या दिवसापासून, जुने आजार धरून. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी हे ५ लाख वेगळे, त्यात तरुणांचा वाटा नाही.

आयुष्मान अ‍ॅपवरून घरबसल्या कार्ड काढता येतं. आधार क्रमांक टाका, ओळख पटवा, फोटो काढा. आशाताई किंवा जवळच्या सेवा केंद्रातूनही निघतं. अडतं ते ठरलेल्या ठिकाणी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला असतो, मग ओटीपी येत नाही. शेतात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, अशा वेळी चेहरा किंवा डोळ्यांवरून ओळख पटवण्याचा पर्याय घ्या. आधारवर जन्मवर्ष चुकीचं लागलेलं असतं आणि बहात्तरीच्या आजोबांचं वय कागदोपत्री सदुसष्ट निघतं. ही दुरुस्ती आधार केंद्रात आधी करावी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून रुग्णालयात जायची वेळ येण्याआधी कार्ड काढून ठेवा.

दाखल होताना आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जा. त्याला दोन प्रश्न विचारा: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि या आजाराच्या विभागासाठी आहे का? हाडांसाठी योजनेत असलेलं रुग्णालय हृदयासाठी योजनेत असेलच असं नाही. अनेकांची फसगत या दुसऱ्या प्रश्नावर होते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस योजनेत धरलेले असतात. बाह्यरुग्ण तपासणी आणि नेहमीची औषधं नाहीत. शंका असेल तर १४५५५ वर विचारा.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत किंवा केंद्र सरकारी आरोग्य योजनेत असणाऱ्यांना जुनी योजना किंवा ही, यातली एक निवडावी लागते. देवळालीच्या माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून ज्यांना रोजची औषधं मिळतात, त्यांनी तीच ठेवावी हे आमचं स्पष्ट मत. या कार्डात ती औषधं मिळणार नाहीत. खासगी विमा असलेल्यांना मात्र दोन्ही ठेवता येतात.

वडील ६४ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. पूर्वी ती दीड लाख होती. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं चालतं. रेशनकार्डावर वडिलांचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे आजच पाहून ठेवा. एका कागदावर 'रामदास' आणि दुसऱ्यावर 'रामदासजी' असलं तरी टेबलावर खोळंबा होतो. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. हेल्पलाइन १५५३८८.

सातपूर-अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालो. ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) संपली का?

बहुतेकांना वाटतं संपली, पण तसं नाही. किमान ५ वर्षं विमाधारक राहून निवृत्तीच्या वयाला निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही येतात, म्हणजे इतर योजना जे देत नाहीत ते. जुना विमा क्रमांक, निवृत्तीचा दाखला आणि फोटो घेऊन शाखा कार्यालयात जा. नोकरी मधेच सोडलेल्यांना हा नियम तसाच लागू होत नाही. अडचण बहुधा एकच येते, कंपनी बंद पडलेली असते आणि दाखला देणारं कोणी नसतं. म्हणून निवृत्तीच्याच महिन्यात हे काम उरकावं.

पासष्टीनंतर खासगी आरोग्य विमा घ्यावा का?

विमा मिळतो. १ एप्रिल २०२४ पासून वयाची वरची मर्यादा विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने काढली. आधीपासूनच्या आजारांसाठीची वाट पाहण्याची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी बोलावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. घ्यावा की नाही, हे तीन वर्षांच्या हप्त्यांची बेरीज करून ठरवा. त्या काळात जुन्या आजाराला काही मिळणार नसेल आणि सत्तरी जवळ असेल, तर तेवढीच रक्कम बँकेत ठेवणं अनेक घरांना सोयीचं पडतं. आधीचा विमा असेल तर मात्र तो कधीही तुटू देऊ नका.

कापला जाणारा पैसा कुठे कापला जातो, ते एकदा आकड्यांत बघा. विमा ३ लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. घेतली ६,००० ची खोली, पाच दिवस. बिल २ लाख: खोली ३०,०००, डॉक्टर-नर्सिंग-शस्त्रक्रियागृह ९०,०००, औषधं-तपासण्या-इम्प्लांट ८०,०००. खोली दुप्पट दराची घेतल्यामुळे खोलीचे १५,००० आणि डॉक्टर वगैरेंचे ४५,००० एवढंच मंजूर होतं. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर ही कपात चालत नाही, ते ८०,००० पूर्ण. झाले १,४०,०००. ज्येष्ठांच्या पॉलिसीत २० टक्के सहभागाची, म्हणजे तेवढा वाटा स्वतः भरण्याची, अट असली की त्यातून आणखी २८,००० जातात. हातात १,१२,०००, खिशातून ८८,०००. खोली ३,००० चीच घेतली असती तर डॉक्टरांचे आणि इतर दरही बहुतेक ठिकाणी खालच्या श्रेणीचे लागले असते. दाखल होताना घाईत 'चांगली खोली द्या' म्हणणारा नातेवाईक प्रेमापोटीच म्हणतो, पण पॉलिसीतली मर्यादा त्याला आधी सांगून ठेवा.

मोतीबिंदू किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेन्सचा किंवा सांध्याचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. तो नसला की क्लेम हमखास अडकतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खर्च किती येतो?

सर्वात जड खर्च हाच, आणि विमा किंवा योजना तो देत नाही. समजा आया १२ तासांचे ६०० रुपये घेते: महिन्याला १८,०००. रोज तीन डायपर ३५ रुपयांप्रमाणे ३,१५०. झाले २१,१५०, औषधं वेगळी. घरातल्या सुनेने किंवा मुलीने नोकरी सोडली तर तिचा पगारही याच खर्चात मांडायला हवा. तो मांडला जात नाही म्हणून घरची सेवा फुकट वाटते.

ब्युरोतून आया ठेवताना कमिशन, सुट्टीच्या दिवशी बदली कोण आणि तिला कोणती कामं येतात, हे लेखी घ्या. नळीने जेवण देणं, लघवीची पिशवी बदलणं हे प्रत्येकीला येत नाही. पलंग, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घ्या, हवेची गादी विकत घ्या. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर जखम होते, आणि एकदा ती खोल गेली की महिनोन् महिने ड्रेसिंग चालतं. डायपर कमरेचं माप घेऊन आणा. सैल डायपर गळतो आणि दिवसाला पाच लागतात.

वयाची ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. ते घेतल्यावर साधनाचं बिल जपून ठेवा.

कोणता छोटा खर्च मोठा खर्च टाळतो?

पहिला नंबर न्हाणीघराचा. खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया योजनेत बसू शकते, पण नंतरचे तीन-चार महिने आया, फिजिओथेरपी आणि कमोड खुर्ची हे सगळं घरावर येतं. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी जमिनीपासून साधारण ८५ ते ९० सेंमी उंचीवर पकडदांडा बसवा. तो भिंतीत खोल खिळवलेला हवा, चिकटणारा नको, भार पडला की तो सुटतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी जिने उभे असतात. तिथे आजी-आजोबांची झोपायची खोली खाली आणणं हाच उपाय. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने उठताना मिनिटभर पलंगावर बसून मग उभं राहावं.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, तळपाय रोज बघा. डायलिसिस लागलं तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला चार तास, ते सहसा कायमचं. योजनेत ते मोफत झालं तरी प्रवास आणि सोबतच्या माणसाचा दिवस दर खेपेला जातो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून.

आयकरात सवलत मिळते का?

जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. ज्येष्ठ आई-वडिलांच्या विमा हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट आहे. विमा नसेल तर त्यांच्या उपचारांवर केलेला खर्चही याच मर्यादेत धरता येतो. पैसे रोख दिलेले चालत नाहीत, फक्त प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रोख चालतात. म्हणून मेडिकलच्या दुकानात यूपीआयने पैसे द्या आणि बिलावर आई-वडिलांचं नाव घालून घ्या. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. विवरणपत्र भरताना सल्लागाराकडून नवा क्रमांक घ्या.

भावंडांमध्ये खर्च कसा वाटायचा? कोणी द्यायलाच तयार नसेल तर?

आई ज्याच्याकडे राहते त्याने महिन्याचा खर्च लिहून सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकावा, बिलांच्या फोटोंसह. बहुतेक भांडणं 'खरंच एवढे लागतात का' या संशयातून सुरू होतात आणि बिल दिसलं की निम्मी तिथेच थांबतात. जो प्रत्यक्ष सेवा करतो त्याचा पैशातला वाटा कमी ठेवणं न्याय्य आहे.

तरीही कोणी टाळत असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली आई-वडील प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात साध्या अर्जाने दाद मागू शकतात. कायद्यात महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहभत्त्याची तरतूद आहे आणि निर्वाहात औषधोपचार धरलेले आहेत. आधी सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

विमा कंपनीने क्लेम नाकारला. पुढे काय?

नकाराचं कारण लेखी घ्या, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली ते विचारा. सलग ५ वर्षं चालू असलेली पॉलिसी असेल तर 'जुना आजार लपवला' या कारणावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, क्लेम नाकारता येत नाही. हे कलम पुष्कळांना माहीत नसतं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. सोबत डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि इम्प्लांटचा स्टिकर, सगळ्याच्या प्रती जोडा आणि मूळ कागद घरी ठेवा.